शुद्धलेखन तेवढं बघा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी या वाचनालयाचे ग्रंथपाल होते आणि बालविभागाच्या कपाटाला त्यांनी कधी कुलूप लावू दिलं नाही. पुस्तकं हरवायची. कार्यकारिणीत दरवर्षी त्यावरून खडाजंगी व्हायची. गुरुजी शांतपणे म्हणायचे, हरवलेलं पुस्तक कुणीतरी वाचतच असेल. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात पोरांच्या पुस्तकावर बोलायला मला अजिबात संकोच वाटत नाही. त्यातून हे पुस्तक एका पोरानंच लिहिलेलं आणि त्याच्या आईवडिलांनी पदरमोड करून छापलेलं.

माझा धंदा मुद्रितं तपासण्याचा. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ स्पायरल बांधलेलं बाड घेऊन घरी आले. मुलगी सोबत. दहावीच्या सुट्टीत तिनं कादंबरी लिहायला घेतली, ती चारशे पानांवर गेली. आत उडते सर्प, सात राज्यं, एक शापित तलवार आणि सुरुवातीलाच घडीचा नकाशा. गृहस्थ म्हणाले, "पुस्तक आम्ही घरीच काढतोय. पीएफमधून थोडे पैसे उचललेत. तुम्ही शुद्धलेखन तेवढं बघा. बाकी तिचं आहे ते तसंच राहू दे." मुलगी चहाच्या कपात बघत बसली होती.

'शुद्धलेखन तेवढं बघा' या एका वाक्यावर माझं घर चाललं, त्यामुळे तक्रार करत नाही. पण तिसऱ्या प्रकरणातले ऱ्हस्वदीर्घ बघताना मला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं होतं आणि ते बोलायची मला मुभा नव्हती. म्हणून बाड परत करताना मी तिच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, हे वाच, पण पेन्सिल घेऊन वाच. ते पुस्तक म्हणजे क्रिस्टोफर पाओलिनीचं 'एरागॉन'. आजचं व्याख्यान त्याच्यावर.

पाओलिनीचा जन्म १९८३ चा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन नदीच्या खोऱ्यात पॅराडाइज व्हॅली नावाचा डोंगरांनी वेढलेला भाग आहे, तिथे तो वाढला. शाळेत गेला नाही. आई माँटेसरी पद्धतीची शिक्षिका, तिनं त्याला आणि बहिणीला घरीच शिकवलं. पत्राद्वारे अभ्यास करून पंधराव्या वर्षीच त्याचं शालेय शिक्षण संपलं आणि हाताशी मोकळा वेळ आला. त्यानं कादंबरी लिहायला घेतली. पहिला खर्डा लिहायला एक वर्ष गेलं. तो त्याचा त्यालाच पसंत पडेना, म्हणून दुसऱ्या वर्षभरात सगळा नव्यानं लिहिला. मग कुठे आईवडिलांच्या हातात दिला. घरचा छोटासा प्रकाशनव्यवसाय होता. तिसरं वर्ष संपादन, मांडणी, जुळवाजुळव यात गेलं. नकाशा त्यानंच काढला, मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळाही त्यानंच. २००२ साली पुस्तक निघालं. लेखक, चित्रकार, संपादक, प्रकाशक, सगळे एकाच घरात जेवणारे.

(इथे कुणाच्या तरी मनात ज्ञानेश्वरांचं वय आलं असणार. ते मनातच राहू द्या. त्या तुलनेत दोघांवरही अन्याय होतो.)

पुस्तक काढणं सोपं आणि खपवणं अवघड, हे आपल्याकडे स्वखर्चानं कवितासंग्रह काढलेल्या कुणालाही विचारा. पलंगाखालचे गठ्ठे किती वर्षं राहतात ते तो सांगेल. पाओलिनी कुटुंबानं गठ्ठे पलंगाखाली ठेवले नाहीत. २००२ आणि २००३ च्या सुरुवातीला त्या मुलानं वाचनालयं, शाळा, पुस्तकांची दुकानं मिळून १३५ च्या वर कार्यक्रम केले. लाल सदरा, घोळदार काळी विजार, नाड्यांचे बूट, काळी टोपी, असा मध्ययुगीन वेष करून तो उभा राहायचा आणि आपल्या पुस्तकाबद्दल बोलायचा. आपल्याकडचा कीर्तनकार डोक्याला पागोटं बांधून उभा राहतो तसंच थोडंसं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं लोक थांबावेत म्हणून सोंग घेऊन उभं राहायचं, याला धीर लागतो.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. मोंटानातल्याच लिव्हिंग्स्टन गावातल्या पुस्तकाच्या दुकानात कादंबरीकार कार्ल हायसन यांच्या सावत्र मुलाला हे पुस्तक सापडलं, त्यानं ते झपाटून वाचलं, हायसननी आपल्या प्रकाशकांना, न्यूयॉर्कच्या नॉफ या संस्थेला कळवलं. ऑगस्ट २००३ मध्ये नॉफची आवृत्ती आली, जॉन ज्यूड पॅलेनकार यांनी रंगवलेली निळी ड्रॅगन मुखपृष्ठावर घेऊन. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ती शंभरावर आठवडे राहिली. आपल्याकडे ही गोष्ट सांगतात तेव्हा इथेच थांबतात, कारण घरगुती पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला ती गोड लागते. मी मुद्रितशोधक, मला तिच्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. नॉफकडे गेल्यावर पुस्तक संपादकाच्या हाताखालून पुन्हा गेलं आणि सुमारे २० हजार शब्द गळाले. आपल्या मापानं ती एक लहानशी कादंबरीच झाली. वर्षभर घरातल्या माणसांनी वाचूनही ते शब्द आत राहिले होते.

आता पुस्तकाकडे येतो. न वाचलेल्यांसाठी कथा थोडक्यात. डोंगरापलीकडच्या खेड्यात मामाकडे वाढलेला एरागॉन नावाचा मुलगा शिकारीला जातो, त्याला एक निळा दगड सापडतो, दगड म्हणजे ड्रॅगनचं अंडं निघतं. राजाचे हस्तक त्याच्या मागावर येतात, मामाला ठार करतात. गावातला म्हातारा गोष्टीवेल्हाळ ब्रॉम त्याला घेऊन निघतो, तो पूर्वीचा ड्रॅगनस्वार असतो. वाटेत ब्रॉम मरतो. मुलगा कैदेतल्या एका स्त्रीला सोडवतो, डोंगराच्या पोटात लपलेल्या बंडखोरांपर्यंत पोचतो, मोठी लढाई होते.

ज्यांनी १९७७ चा 'स्टार वॉर्स' पाहिलाय त्यांचे ओठ एव्हाना हलायला लागले असतील. शेतावरचा अनाथ पोरगा, त्याला सांभाळणाऱ्याची हत्या, पूर्वाश्रमीचा योद्धा असलेला म्हातारा गुरू, कैदेतली राजकन्या, बंडखोरांचा गुप्त तळ: जवळजवळ ओळीनं. इंग्रजीत दोन्हीकडे 'अंकल'च. मराठीत तिकडे काका आणि इकडे मामा एवढा फरक तरी पडतो. एल्फ आणि बुटके टॉल्किनकडचे. ड्रॅगन आणि स्वाराचं मनोमन नातं अ‍ॅन मॅकॅफ्रीकडचं. वस्तूचं खरं नाव ज्याला ठाऊक त्याची वस्तूवर सत्ता, ही कल्पना अर्सुला ले ग्विनच्या १९६८ च्या अर्थसी कादंबरीत आहे. खुद्द 'एरागॉन' हे नावही 'ड्रॅगन'चं पहिलं अक्षर बदलून केलेलं.

'एरागॉन'वर सगळ्यात जास्त टीका याच मुद्द्यावर झाली. मला ती फारशी पटत नाही. पंधराव्या वर्षी माणूस जे वाचतो तेच लिहितो, दुसरं त्याच्याकडे असतंच काय? हरिभाऊ आपट्यांनी १८८५ साली 'मधली स्थिति' लिहायला घेतली तेव्हा सांगाडा इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सचा घेतला होता. पाचच वर्षांत त्यांनी 'करमणुकी'त 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू केली. उसना सांगाडा हा शिकाऊपणाचा भाग. त्या सांगाड्यावर मांस कुणाचं चढतं हे बघायचं असतं, आणि 'एरागॉन'मध्ये काही ठिकाणी ते अगदी त्या मुलाचं स्वतःचं आहे.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. निळा दगड सापडल्यावर नायक त्याच्याकडे दिव्य वस्तू म्हणून बघत नाही. शिकार हुकलेली आहे, घरी हिवाळ्याला मांस नाही, म्हणून तो दगड घेऊन खाटकाकडे जातो आणि घासाघीस करतो. दगड गावाजवळच्या अशुभ मानलेल्या डोंगरातला आहे म्हणताच खाटीक तो घ्यायचं नाकारतो. शेवटी गावचा लोहार मांसाचे पैसे देतो. साऱ्या राज्याचं भवितव्य ज्यात आहे ते अंडं पहिल्या काही पानांत खाटकाच्या फळीवर पडलेलं असतं आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. हे टॉल्किनकडून आलेलं नाही. डोंगराच्या कुशीत, थंडीत, साठवणीच्या मांसाचा हिशेब ज्यानं बघितलाय त्याच्याकडून ते आलंय.

दुसरा प्रसंग मला त्याहून आवडतो. ड्रॅगनवर बसून पहिलं उड्डाण. असल्या पुस्तकात या क्षणाची वाट वाचक किती तरी पानं बघत असतो. पोरानं तो कसा लिहावा? राजाचे हस्तक आलेत म्हणून घाबरलेली ड्रॅगन, सफिरा, नायकाला जबरदस्तीनं पाठीवर घेऊन रानात पळते. खोगीर नाही, काही नाही. उतरल्यावर त्याच्या लक्षात येतं की खवल्यांनी मांड्यांच्या आतली कातडी सोलवटून निघालीय. उभं राहता येत नाही. रात्र तिच्या पंखाखाली काढतो, आणि कसाबसा घरी पोचतो तोवर घर उद्ध्वस्त, मामा शेवटच्या घटका मोजतोय. उडण्याचा आनंद नंतर येतो, खोगीर शिवून झाल्यावर. घोड्यावर पहिल्यांदा बसून दुसऱ्या दिवशी फेंगडं चाललेल्या कुणालाही हे लेखकाच्या अंगावरचं आहे हे कळेल.

२००६ च्या डिसेंबरात यावर चित्रपट आला, त्यात सफिरा एका उड्डाणात, ढगात शिरून बाहेर येईपर्यंत, पिल्लाची पूर्ण ड्रॅगन होते. वाढण्याचा वेळच कापून टाकला! कादंबरीत तिला लपवून ठेवणं, तिचं खाणं, तिच्या बोलण्यात हळूहळू येणारा पोक्तपणा यात खरी गोडी होती. चित्रपटाबद्दल एवढं पुरे.

जादूचंही तसंच. या पुस्तकातली जादू फुकट नाही. जे काम हातानं करायला जितकी ताकद लागेल तितकीच मंत्रानं करतानाही अंगातून जाते, आणि झेपण्यापलीकडचं काम करायला गेलं तर माणूस मरतो. पहिल्यांदा जिवावर बेतल्यावर पोराच्या तोंडून अभावितपणे 'ब्रिसिंगर' हा शब्द निघतो, बाण निळ्या ज्वाळेत पेटतो, शत्रू मरतो आणि पोरगा तिथेच कोसळतो. नंतर ब्रॉम त्याला एक खडा तळहातावर ठेवून फक्त उचलायला लावतो. पुन्हा, पुन्हा. तालमीत पहिल्या दिवशी गदा हातात देत नाहीत, जोर-बैठका काढायला लावतात, तसला तो गुरू आहे. मंत्राची भाषा प्राचीन नॉर्सच्या धर्तीवर बेतलेली आणि तिचा एक नियम असा की तिच्यात खोटं बोलता येत नाही. तरीही एल्फ तिच्यातच, खरं तेवढंच आणि आडवळणानं बोलून, समोरच्याला फसवू शकतात. वकील मंडळी हसताहेत, ठीक आहे.

आणि टीर्म बंदरातला तो भाग! मामाच्या मारेकऱ्यांचा माग कसा काढायचा, तर ते जे दुर्मीळ तेल वापरतात ते कुठल्या गावी रवाना झालं हे बंदराच्या दप्तरात चोरून बघायचं. त्यासाठी नायकाला आधी वाचायला शिकावं लागतं, कारण तो निरक्षर आहे. तलवारीच्या कादंबरीत जावक नोंदवह्या चाळणारा नायक मी दुसरीकडे बघितला नाही. आता तो थोड्याच दिवसांत दप्तर वाचण्याइतका तयार होतो, हे प्रौढ साक्षरता वर्ग चालवणाऱ्या आपल्या भगिनींना पटणार नाही. तलवारीतही काही महिन्यांत निष्णात. ही घाई सगळ्या पुस्तकभर आहे.

दोष मग कुठे आहेत? वाक्यात आहेत. साधा सूर्य मावळायचा तरी त्याला दोन विशेषणं आणि एक उपमा लागते. माणसं 'म्हणाली' एवढ्यावर भागत नाही, ती गुरगुरतात, उद्गारतात, पुटपुटतात. म्हातारा, खेडूत, एल्फ आणि ड्रॅगन यांची बोली जवळजवळ एकच; झाकलेल्या संवादावरून कोण बोलतंय ते ओळखा म्हटलं तर पंचाईत होईल. आर्या, कैदेतून सोडवलेली ती स्त्री, या भागात महत्त्वाची, पण ती बराच काळ बेशुद्ध असते, घोड्यावर किंवा ड्रॅगनला बांधून वाहून न्यायची वस्तू असल्यासारखी. अडचण आली की मर्टाग नावाचा तरुण बाण मारून ऐन वेळी हजर. तो रसरशीत माणूस आहे, पण त्याचं येणं लेखकाच्या सोयीचं आहे. जागांच्या नावांवर इतके स्वल्पविराम आणि टिंबं की माझ्यासारख्याला वाटावं, खिळे जुळवणाऱ्यानं शिल्लक राहिलेले सगळे इथेच वापरले.

यातला एकही दोष असा नाही की जो परक्या माणसाला दिसला नसता. घरच्यांना का दिसला नाही? कारण आई वाचते तेव्हा पुस्तकामागे तिला पोराची तीन वर्षं दिसतात. दुसरा खर्डा त्यानं स्वतःहून नव्यानं लिहिला होता, हे तिला माहीत असतं. एखादा परिच्छेद लांबला तर तो का लांबला हेही तिला माहीत असतं. वाचकाला काहीच माहीत नसतं. त्या घरानं मुलाला वेळ दिला, पैसा दिला, गावोगाव नेलं. एक अनोळखी माणूस मात्र ते घर त्याला देऊ शकत नव्हतं.

पण गोष्ट एवढीच असती तर मी आज आलो नसतो. उलटी बाजूही आहे. पंधराव्या वर्षीच तो पहिला खर्डा माझ्यासारख्या एखाद्या खडूस माणसाच्या हातात पडला असता तर? मी नक्कीच खुणा केल्या असत्या: 'स्टार वॉर्स', टॉल्किन, ले ग्विन. पोरानं वही मिटली असती आणि खाटकाची फळी, सोलवटलेल्या मांड्या, बंदराची दप्तरं, हे सगळं तिच्याबरोबर गेलं असतं. माझ्या हातून एकदोनदा असं झालेलं आहे. एका मुलाच्या वहीवर मी लाल शाईनं 'अनुकरण' असा शब्द लिहिला होता, त्यानंतर त्यानं मला काही वाचायला दिलं नाही. तेव्हा मला ते रोखठोकपणाचं काम वाटलं होतं. आज मी तो शब्द लिहिणार नाही. पाओलिनीच्या बाबतीत क्रम बरोबर लागला: आधी घर, मग परका. घरच्यांनी पुस्तक जिवंत ठेवलं आणि नॉफच्या संपादकानं त्याची चरबी उतरवली. पहिल्याच्या जागी दुसरा आला असता तर पुस्तकच झालं नसतं.

'एल्डेस्ट' (२००५), 'ब्रिसिंगर' (२००८) आणि 'इनहेरिटन्स' (२०११) हे पुढचे खंड वाढत गेले, तेही फार. खप वाढला की संपादकाची पेन्सिल बोथट होते, हा आपल्याकडचाही अनुभव आहे. तरी माणसं बोलायला लागली, प्रत्येकाचा आवाज वेगळा झाला.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. पहिल्या खंडाच्या शेवटाकडे, बंडखोरांच्या शहरात, एक म्हातारी आईबाप नसलेलं तान्हं मूल एरागॉनपुढे धरते आणि आशीर्वाद मागते. तो प्राचीन भाषेत म्हणतो, संकटापासून तुझं रक्षण होवो. निदान त्याला तसं वाटतं. दुसऱ्या खंडात गुरू ओरोमिस त्याची चूक दाखवतो: 'स्कोलिरो' म्हणजे 'रक्षिलेली', तू 'स्कोलिर' म्हणालास, त्याचा अर्थ 'ढाल'. प्रत्यय चुकला. आशीर्वादाचा शाप झाला. एल्वा नावाची ती मुलगी आता जवळ येणाऱ्या प्रत्येकाचं दुःख आधीच स्वतःच्या अंगात अनुभवते आणि त्याला त्यातून वाचवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिचं शरीर अकाली वाढलंय आणि ती मोठ्या बाईसारखी बोलते. एका प्रत्ययापायी! शुद्धलेखन तेवढं बघा म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. तिसऱ्या खंडात एरागॉन चूक दुरुस्त करायला जातो. वाचवण्याची सक्ती तेवढी निघते, जाणीव तशीच राहते, आणि एल्वा त्याला सांगते की उरलेलं आता मला हवंय.

माझ्याकडे आलेल्या त्या मुलीनं पाच महिन्यांनी 'एरागॉन' परत केलं. पानोपानी पेन्सिल. जिथे जिथे प्रकरण संपवायला नायक शुद्ध हरपतो, तिथे समासात 'परत बेशुद्ध!' असं लिहिलंय. खाटकाच्या प्रसंगाभोवती चौकट आहे, शेजारी काही लिहिलेलं नाही. सोबत तिचं स्वतःचं बाड होतं, चारशेतली शंभरेक पानं तिनं स्वतःच आडव्या रेघेनं कापली होती. नकाशा ठेवला होता. वडील दारात उभे होते. या वेळी त्यांनी शुद्धलेखनाचा विषय काढला नाही.

ती प्रत, तिच्या खुणांसकट, मी या वाचनालयाला देतो आहे. बालविभागाच्या कपाटात ठेवावी आणि कपाटाला कुलूप लावू नये, एवढी विश्वस्तांना विनंती. प्रश्नोत्तरांत आधी मुलांना विचारू द्या. मोठ्यांनी नंतर विचारावं.